बाबांची काळुंदरं

आमच्या घराचे चिरे घराच्या मागूनच निघाले. आजोबांनी परसातली जमीन खणून चिरे काढले, त्यांचं घर बांधलं आणि मागे जो खड्डा उरला तो तसाच ठेवला. बुजवायचा तर माती आणायची कुठून, हा प्रश्न घरात कुणालाच कधी सुटला नाही. खड्ड्याच्या तळाशी बारीक झर आहे, त्यामुळे मे महिन्यातही तिथे कमरेएवढं पाणी असतं. माझ्या लहानपणी त्यात म्हशी बसत, नंतर नारळाची सोडणं भिजत पडत, आणि आई तर त्याला सरळ उकिरडाच म्हणायची. आई गेल्यावर बाबांनी त्या उकिरड्याची तळी केली.

तसं ठरवून काही केलं नाही. आई गेली आणि बाबांनी खाट धरली. आजार म्हणावा तर काही नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासली, रक्त तपासलं आणि 'वय झालंय' एवढंच सांगितलं, जसं काही ते मला माहीत नव्हतं. घरात आम्ही दोघंच. मी डिचोलीला शाळेत शिकवते. सकाळी पेज झाकून जायची आणि दुपारी येऊन बघायची, तर पेज तशीच, वर साय धरलेली, आणि बाबा जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, तोंड करून पडलेले. मी काही गोड बोलणारी बाई नाही. मी ओरडले, भांडले, एकदा तर ताट आपटलं. बाबा म्हणायचे, "हय गे बाय, उठतां," आणि कूस बदलायचे.

मग एका रविवारी माझा मामेभाऊ नार्व्याहून आला. त्याने तिथली मानस घेतली होती. मानस म्हणजे नदीचं पाणी शेतात घ्यायचं आणि सोडायचं दार. ओहोटी लागली की तिथे जाळं लावून मासळी धरतात. तो बाल्दीभर जिवंत काळुंदरं घेऊन आला. काळुंदर म्हणजे हाताच्या पंजाएवढा, चपटा, अंगावर मोत्यासारखे ठिपके असलेला मासा. तिखल्याला, म्हणजे तिखट कालवणाला, याच्यासारखा दुसरा नाही. मी विळी काढली, नारळ फोडला. बाबा खाटेवरून उठून बाल्दीत डोकावले, बराच वेळ बघत राहिले, आणि मग बाल्दी उचलून लडखडत मागच्या दारी गेले. मी धावत पोचेपर्यंत सगळी मासळी खड्ड्यात गेली होती.

"बाबा! तीं कढीक हाडिल्लीं!"

"कढी फाल्यां कर."

तो उद्या काही उजाडला नाही. ताजी काळुंदरं दारात आलेली असताना ती पाण्यात सोडणारा गोंयकार मी तोवर पाहिला नव्हता, पुढेही दिसेलसं वाटत नाही. मामेभाऊ माझ्याकडे बघून डोक्याला बोट लावून गेला. पण दुसऱ्या दिवशी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पोंपों वाजायच्या आधी बाबा उठले होते. काठी टेकत मागे गेले, चिऱ्याच्या कडेवर बसले आणि कालच्या भाताची शितं पाण्यात टाकायला लागले. मी चुलीपाशी उभी राहून रडले. घटकाभरच, कारण बस गाठायची होती.

थोड्याच दिवसांत मासळीला बाबांचा खोकला ओळखीचा झाला. बाबा खोकले की ती कडेला गोळा व्हायची. आधी शितं, मग उंड्याचा, त्या गोल पावाचा, चुरा. रात्री जेवताना मला त्या दिवसाची बातमी मिळायची. कोण रुसलं, कोणी कोणाला ढुशी दिली, कोणत्या जोडप्याने चिऱ्याला अंडी चिकटवली. काळुंदरात म्हणे नर-मादी दोघंही पिल्लांची राखण करतात, एक चरायला गेलं की दुसरं थांबतं. हे बाबांनी मला इतक्या वेळा सांगितलं की शाळेत मुलांना मी तेच शिकवू लागले. बाबा आंघोळ करू लागले, दाढी करू लागले, पेज मागून घेऊ लागले. बाजारातला बांगडा मात्र त्यांना बिनबोभाट चालायचा. मी एकदा टोचलं, तर म्हणाले, "तो आमच्या वळखीचो न्हय."

ही तळी म्हणजे बाबांचं उठणं होतं. ती राहिली तर ते उठतील, नाही तर पुन्हा जनेलाकडे तोंड करतील, हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणून मासे खाणारी मी माशांची चौकीदार झाले.

पाहुणे आधीपासून यायचेच. खंड्या यायचा, बगळा यायचा, कधी दिवड पाण्यात सळसळून जायची. त्यांचं बाबांना काही वाटत नसे. "तांचो वांटो," म्हणायचे. वाटा देऊनही तळीत भरपूर उरत होतं. मग उन्हाळा वाढला, खालचा व्हाळ आटला, आणि सकाळी चिऱ्याच्या कडेवर खवलं आणि काट्यांनी भरलेली काळपट विष्ठा दिसायला लागली.

मला आधी शेजारच्या मांजराचा संशय आला. मग खुद्द शेजाऱ्यांचाच आला, कारण त्या आठवड्यात त्यांच्या घरून दोनदा तिरफळ घातलेल्या तिखल्याचा वास आला होता. मी शेजारच्या काकींना आडून आडून विचारलंही, आणि त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. खरा चोर तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला दिसला. मी वाळत घातलेले कपडे काढत होते, तेवढ्यात पाण्यातून शीळ ऐकू आली. तळीत चपटी, ओली डोकी फिरत होती. पाणमांजरं! नर, मादी आणि मागोमाग पिल्लं. मादीने एक काळुंदर दोन्ही हातांत धरून डोक्याकडून कुरतडायला सुरुवात केली, आणि पिल्लं तिच्या पाठीवरून पाण्यात घसरगुंडी खेळायला लागली. मी ओरडले. त्यांनी सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. फार देखणी होती, हे मला कबूल करावं लागतं, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मग सुरू झालं आमचं युद्ध. मोरजीच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुनं जाळं आणून मी तळीवर पसरलं. दुसऱ्या दिवशी त्यात दिवड अडकली. बाबा कातर घेऊन बसले, एकेक धागा कापून तिला सोडवली आणि जाळं गुंडाळून माझ्या हातात दिलं. मग मी भोवती पत्रे मारले. पाणमांजरांनी पत्र्याखालून माती उकरली. मी बुजगावणं केलं, त्याला माझी शाळेची सुती साडी नेसवली. शाळेतली पोरं मला घाबरतात, पण पाणमांजरांनी त्या साडीचा पदर ओढून पाण्यात नेला. रेडिओ लावला, तर बाबांनाच भजनं ऐकत बसायची सवय लागली. चवथीचे उरलेले फटाके उडवले, तर वाड्यातली, म्हणजे आमच्या वस्तीतली, कुत्री पळून गेली आणि पाणमांजरं तेवढी परत आली. आमच्या स्वतःच्या कुत्र्याबद्दल काही न बोललेलं बरं. तो त्यांच्याकडे बघून शेपटी हलवायचा.

वनखात्यात फोन केला. एक तरुण माणूस आला, अगदी नम्र. त्याने पायांचे ठसे बघितले, विष्ठा बघितली आणि माझं चक्क अभिनंदन केलं. पाणमांजर आहे म्हणजे पाणी चांगलं आहे, म्हणाला. कायद्याने त्याला संरक्षण आहे, इजा करायची नाही, कुंपण मजबूत करा. मी म्हटलं, "आणि मासळीला संरक्षण?" तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. जाताना फोटो काढायची परवानगी मागितली, बाबांनी दिली. तो वाईट माणूस नव्हता, त्याच्या हातात काही नव्हतं एवढंच. माझ्याही हातात काही नव्हतं.

तळी रिकामी होत गेली तसे बाबा गप्प होत गेले. जेवताना बातमी येईनाशी झाली. मग एक दिवस पोदेर येऊन गेला तरी ते झोपलेलेच. मी शितांची वाटी त्यांच्या हातात दिली, तर म्हणाले, "तूंच घाल गे." मी घातली. माझ्या खोकल्याला कोण विचारतंय! शितं पाण्यावर तशीच तरंगली. बऱ्याच वेळाने दगडाच्या कपारीतून एक जोडपं बाहेर आलं, खाली पिल्लांचा बारीक धुरळा होता. नर जरा पुढे आला आणि लगेच पिल्लांकडे वळला. उरलंसुरलं एवढंच होतं. मी आत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आमच्या समोर सिंधुदुर्गातला एक ट्रकवाला बायकामुलांसह भाड्याने राहतो. खनिजाच्या ट्रकवर आला तो इथलाच झाला. त्याने हे सगळं बघितलं होतं. एका संध्याकाळी तो गाडीच्या क्लचची जुनी तार घेऊन आला आणि बाबांच्या खाटेपाशी बसला.

"आबा, माका सांगा फक्त. एक फासको लावतंय. सकाळी काय ता बघूया. कोणाक कळाचा नाय."

खोटं कशाला सांगू, मला ती तार बघून बरं वाटलं. कायदा, पिल्लं, देखणेपणा, सगळं गेलं खड्ड्यात. मला माझा बाप उठायला हवा होता.

बाबांनी तार हातात घेतली. बोटाने चाचपली. वाटलं, आता हो म्हणतील. मग त्यांनी ती त्याला परत दिली.

"वर्साक एक फावट राखणदारामुखार उबो रावन हांवच सांगतां, जीव राख म्हूण. आनी घरा येवन फासको लावूं?"

ट्रकवाल्याने तार गुंडाळून खिशात घातली. मी मात्र आत जाऊन भांडी दणादणा घासली.

हे राखणदाराचं सांगायला हवं. आमच्या वाड्याच्या शिमेवर सातविणीखाली एक दगड आहे, तो आमचा राखणदार. पाऊस लागायच्या आधी वाडा मिळून त्याला रोट देतो, म्हणजे तांदळाच्या पिठाची जाड भाकर, आणि सोबत दारू, आमचा सोरो, आणि विडी. देव असला तरी रात्रभर शिमेवर फिरायचं तर त्याला एवढं लागणारच. रोट ठेवला की वाड्यातल्या सगळ्यात जाणत्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने त्याच्याकडे मागायचं, आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून ते उचलून धरायचं. आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात ते बाबा. अमक्याच्या पोराला नोकरी, तमकीला मूल, कोणाची गाय, कोणाचं गुडघेदुखीचं. बाबा घरामागून घर घेत जातात. फक्त गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःच्या घरासाठी मागायचं नसतं. ते शेवटी दुसऱ्या कोणी मागायचं.

आई असताना ते शेजारचे काका मागायचे. आई गेल्यापासून कोणी मागितलं नव्हतं, आणि माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. या वेळी मात्र मी आठवडाभर आधीच काकांना गाठलं. "काका, यंदा आमच्या तळीचं सांगशात मरे? बाबांखातीर." काका म्हणाले, "सांगूं या, सांगूं या." मी निर्धास्त झाले. देवावर माझा विश्वास किती, ते मलाच नक्की माहीत नाही. पण पत्रे झाले, जाळं झालं, वनखातं झालं. आता तोच एक उरला होता.

रोटाच्या सकाळी बाबा मला न सांगता उठले. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले. लोकांचं मागायचं होतं ना! माझ्या खांद्यावर हात टाकून सातविणीपर्यंत आले. वाटेत दोनदा बसले. तिथे पोचल्यावर पुरुष दगडासमोर उभे राहिले, आम्ही बायका मागे. बाबांचा आवाज सुरुवातीला अगदीच बारीक होता, मग चढत गेला.

"बा राखणदारा, आयज तुजीं लेंकरां तुज्या पांयांकडेन एकठांय जाल्यांत. चुकल्या-माकल्याचें पदरांत घे. दोन पांयांचो, चार पांयांचो, पाण्यांतलो, रानांतलो, जो कोण जीव तुज्या शिमेंत आसा, ताका राख!"

"व्हय म्हाराजा!"

ट्रकवाल्याच्या गाडीला चांगलं भाडं मिळावं, हेसुद्धा बाबा विसरले नाहीत. सगळी घरं झाली. बाबा थांबले, काठीवर दोन्ही हात ठेवून मान खाली घातली. आता काकांची पाळी. मी काकांच्या पाठीकडे बघत होते. काका जमिनीकडे बघत होते. कोणीतरी रोट मोडायला सुरी काढली.

मी काकींना कोपर मारलं. "काका बोलनात कित्याक?"

काकी माझ्या कानाशी लागल्या. "नाल्ल धाडिल्लो मगे तुवें?"

"कसलो नाल्ल?"

काकींनी कपाळावर हात मारला. मग कुजबुजत त्यांनी सांगितलं ते असं. रोटाच्या आदल्या संध्याकाळी आई न चुकता त्यांच्याकडे एक नारळ पाठवायची. नारळ आला की मागणं काकांवर सोपवलं असं होतं. नारळ नाही, तर तोंडाने कितीही सांगितलेलं असो, ती नुसती गप्पागोष्ट. न सोपवलेलं मागणं राखणदारासमोर बोलायचं धाडस काका करणार नव्हते. आणि मला वाटत होतं की आई शेजारी नारळ पाठवते ती आपली शेजारधर्माने. परसात नारळांची रास पडली होती. एक उचलून पलीकडे नेऊन द्यायचा, एवढंच काम होतं. ते मला कोणी शिकवलं नव्हतं, आणि जिने शिकवायचं ती शिकवायच्या आधी गेली.

सुरी रोटावर टेकली. रोट मोडला की संपलं, मग वर्षभर काही मागता येत नाही. मी पुरुषांच्या मधून वाट काढत पुढे गेले. बाई तिथे बोलत नाही. मी कधी कोणाला बोलताना पाहिलेलं नाही. कोणीतरी "ए बाय, ए बाय," म्हणत होतं. काय मागायचं ते मी आठवडाभर मनात घोळवलं होतं. पाणमांजरं परत नदीला जाऊ देत, तळीतलं जोडपं आणि त्याची पिल्लं वाचू देत. तोंड उघडलं तर त्यातलं एकही आलं नाही.

"म्हाराजा, म्हज्या बापायक उठय! ताका जेवपाक लाय! म्हाका दुसरें कांयच नाका!"

बाईचं गाऱ्हाणं, तेही नारळाशिवायचं. ते उचलून धरायचं की नाही, कोणालाच कळेना. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला माझ्याच आवाजाची लाज वाटायला लागली होती, इतक्यात मागून तो ट्रकवाला ओरडला, "व्हय म्हाराजाऽऽ!" मग काका म्हणाले, मग सगळेच म्हणाले, बायकासुद्धा. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले नव्हते.

परतताना बाबा पुन्हा दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले ते आमच्या परसाच्या दगडी गडग्यावर. तिथून तळी दिसते. ऊन वर आलं होतं आणि पाण्यावर काही हालचाल नव्हती. माझ्या हातात प्रसादाची पिशवी होती. मी विचारलं, "प्रसाद खाशील मरे?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मासळेचें मागपाचें आशिल्लें तुवें. म्हजें कित्याक मागलें? तांकां जगपाचें आशिल्लें."

त्यांना जगायचं होतं, म्हणाले. म्हणजे मासळीला. दुसऱ्या कोणाला नव्हतं, हे त्यांनी बोलायचं ठेवलं आणि मला ते ऐकू आलं. माझं डोकं फिरलं. मी भर रस्त्यावर ओरडले.

"मासळी म्हापशां मेळटा बाबा! शुक्रवारच्या बाजारांत ढीग पडटात! बापूय खंय मेळटा? सांग म्हाका, खंय मेळटा?"

बाबांनी काठी जवळ ओढली आणि अगदी साध्या आवाजात, पोराला समजावल्यासारखे म्हणाले,

"म्हापशां मेल्ली मेळटा, बाय."

मेलेली मिळते, म्हणाले. मी पिशवी खांद्याला लावली, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं आणि घराकडे नेलं.